घारपुरे सर आणि चार उपनगरं

जनरल प्रॅक्टिशनरच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये औषध कंपन्यांची सॅम्पलं साठत जातात. कोणी मागितलेली नसतात, फेकवत नाहीत, आणि वापरायला काढावीत तर अर्ध्यांची तारीख उलटून गेलेली असते. किश्शांचंही तसंच आहे. आम्ही चौघं डॉक्टर आजही एकत्र बसलो की तो ड्रॉवर उघडतो, आणि माझी बायको चहाचे कप उचलून शांतपणे आत निघून जाते. तिचे सगळे पाठ आहेत. तुमचे नाहीत, म्हणून सांगतो.

ऐंशीच्या दशकात भांडुपला, स्टेशनकडून डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर, माझा दवाखाना होता. पेशंट बहुतेक कोकणातले, गिरणीतले नाहीतर आसपासच्या कारखान्यांतले. मुंबईत सर्जन पुष्कळ होते, पण ते सगळे शहरात. आमच्या बाजूला सर्जन म्हणजे लग्नसराईतल्या भटजीसारखा. आला तरी पुढच्या कार्याला पळायच्या घाईत. त्यामुळे कोणाला साधं गळू झालं तरी मी चिठ्ठी लिहून पुढे पाठवून द्यायचो. माझं अक्षर सुंदर होतं आणि हात भित्रा होता, त्यामुळे चिठ्ठ्या फार छान व्हायच्या.

एका शनिवारी सावंत नावाच्या एका फिटरला खांद्यावरच्या गळवासाठी मी मुलुंडच्या एका छोट्याशा धर्मादाय हॉस्पिटलात पाठवलं. तिथे डॉ. घारपुरे नावाचे एक रिटायर झालेले सर्जन बसतात, एवढंच मी ऐकून होतो. सावंत दोन तासांत परत आला. गळू जसंच्या तसं. माझ्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलेलं होतं : 'गळूच आहे. तुला दिसलं. पिकलंय, तेही दिसलं. मग तिथेच का नाही फोडलंस? उद्या रविवार. सकाळी आठ वाजता ये.'

मला घाम फुटला. सावंताने माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मलापण बोलवलंय डॉक्टर. तुमच्यासाठी. तुम्ही काय घाबरू नका, मी आहे ना."

*

सावंताचं गळू मी फोडलं आणि घारपुरे सरांच्या तावडीत सापडलो.

सरांचं म्हणणं सोपं होतं. उपनगरांत सर्जन यायचे तेव्हा येतील. तोवर तिथे रोज बसणाऱ्या डॉक्टरला जखम शिवता आली पाहिजे, गळू फोडता आलं पाहिजे, साधी गाठ काढता आली पाहिजे आणि जमलं तर हर्नियासुद्धा करता आला पाहिजे. त्यासाठी रविवारी सकाळी ते हॉस्पिटलातल्या गरीब पेशंटांची ऑपरेशनं काढायचे आणि आम्हाला शेजारी उभं करायचे. प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही. सर म्हणतील 'आता एकटा कर', तेव्हा पास.

आम्ही चौघं होतो, आणि सरांना आमची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. किंवा राहिली असतील, पण त्यांनी वापरली नाहीत. ते आम्हाला गावांनीच हाक मारायचे. मी भांडुप. डॉक्टर शहा म्हणजे घाटकोपर. जन्माने गुजराती, मराठी आमच्यापेक्षा चांगलं, आणि तोंड कधी बंद नाही. डॉक्टर साठे म्हणजे अंधेरी. स्वतःच्या सावलीलासुद्धा दोनदा तपासून पुढे जाणारा माणूस. आणि डॉक्टर अॅग्नेस म्हणजे गोराई. "घाटकोपर, गप्प बस. अंधेरी, आवर. भांडुप, श्वास घे." अशी हाकाहाक सकाळभर चालायची. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं, आत गाड्यांच्या घोषणा चालल्यात.

गोराईला मात्र सर फारसं काही बोलायचे नाहीत, कारण बोलायला ती काही जागाच ठेवायची नाही. चर्चमधली पहाटेची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, करून, पहिल्या बोटीने खाडी ओलांडून, बोरिवलीवरून नॅशनल पार्कच्या डोंगराला अख्खा वळसा घालून ती मुलुंडला यायची, आणि तरी आमच्याआधी हात धुऊन उभी असायची. मी दोन स्टेशनांवरून उशिरा पोचायचो.

ती का येते, हे तिने एकदाच सांगितलं. तिच्या गावातल्या एका मासेमारी करणाऱ्या माणसाचा हर्निया अडकला. आतडं पिळलं गेलं. त्याला बोटीत घातलं तेव्हा ओहोटी लागलेली होती, आणि बोट खाडीच्या मध्यावर चिखलात बसली. भाईंदरकडून रस्ता होता, पण गाडी हवी ना. भरतीचं पाणी येईपर्यंत ती त्याचा हात धरून बोटीत बसून राहिली. बोरिवलीला पोचले तेव्हा उशीर झाला होता. तिला गोराईतच ऑपरेशनची खोली उभी करायची होती, बस्स. आम्ही तिघं हौसेने शिकत होतो. ती त्या बोटीतून अजून उतरलीच नव्हती.

*

पहिला महिना सरांनी आम्हाला पेशंटला हात लावू दिला नाही. फक्त गाठी. रेशमी दोरा घ्यायचा आणि मिळेल त्या गोष्टीला गाठी मारायच्या, एका हाताने, न बघता.

शहाने घरच्या गोदरेजच्या कपाटाच्या हँडलला मारल्या. बोलता बोलता मारल्या, त्यामुळे किती मारल्या हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हणीचं लग्न, आणि कपाट उघडेना. सर्जनची गाठ सुटत नाही हा तिचा गुणच. शेवटी सुरीने कापायला गेला तर रंग खरवडला. शहावहिनी तो ओरखडा आजही दाखवतात.

मी आमच्या खिडकीच्या गजांना मारत बसायचो. एका सकाळी उठून बघतो तर गजाला हळद-कुंकू लावलेलं, खाली उदबत्ती. आई हात जोडून उभी. मला काही कळेना. आईने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "नवसाच्या गाठी आहेत ना रे? साठ मोजल्या मी. एवढं काय मागितलंस?"

*

गाठींनंतर शिवण. शिवायला कातडी हवी, ती कुठून आणायची? गोराईने प्रश्न सोडवला. पुढच्या रविवारी ती केळीच्या पानात बांधून चामडीसकट डुकराचं मांस घेऊन आली. माणसाच्या कातडीच्या सर्वांत जवळचं हेच, असं सर म्हणाले, आणि खूश झाले.

साठेने डोळे अर्धे मिटून शिवलं आणि घरी जाण्याआधी हॉस्पिटलच्याच बाथरूममध्ये डोक्यावरून आंघोळ केली. शहा जैन. त्याने हात मागे बांधले. सरांनी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. त्याने पुढच्या रविवारपासून केळी शिवायची, असं ठरलं. केळ्याची साल चिरायची, आतला गर न दुखावता टाके घालायचे.

शहा यात इतका तयार झाला की काय सांगू. काळ्या पडलेल्या सालींवर बारीक काळ्या दोऱ्याचे टाके, दिसायचेच नाहीत. एका रविवारी तो शिवलेली सहा केळी ड्युटी रूमच्या टेबलावर विसरला. ऑपरेशन थिएटरच्या आमच्या मोंडकर सिस्टर उपाशी होत्या. त्यांनी एक उचललं आणि सोलायला घेतलं. साल निघेना. दुसरं घेतलं, तेही निघेना. सिस्टर मालवणच्या, केळीच्या बागेत वाढलेल्या. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव पाच मिनिटांत खोटा ठरला. आम्ही आत गेलो तेव्हा त्या कात्री घेऊन बसल्या होत्या.

सरांनी केळं हातात घेऊन बराच वेळ उजेडात बघितलं आणि म्हणाले, "घाटकोपर, जखम छान भरली. आता पेशंटवर कर."

*

मोंडकर सिस्टरांचा विषय निघालाच आहे, तर हे सांगतो. थिएटरमध्ये सर मोठे, असं आम्हाला वाटायचं. ते एका दिवसात संपलं.

पोटाचं एक ऑपरेशन चाललं होतं. काम संपलं, सरांनी शिवायला सुई मागितली. सिस्टरनी दिली नाही. रक्त टिपायचे कापडी पॅड पंधरा दिले होते, चौदा परत आले होते. सरांनी पोटात पुन्हा हात घालून बघितलं. नव्हतं. त्यांनी पुन्हा सुई मागितली. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

"सर, पेशंट तुमचो. टेबल माझा. पंधरावो गावत नाय, तोपर्यंत टाको नाय."

मला वाटलं, आता स्फोट होणार. बत्तीस वर्षं ऑपरेशनं केलेला माणूस! त्यांनी हात वर धरले आणि उभे राहिले. आम्ही शोधत सुटलो. बादल्या, ट्रॉलीखाली, चादरींत. वीस मिनिटं गेली. पॅड सापडला तो साठेच्या स्लिपरच्या तळाला चिकटलेला. साठे, ज्याने त्या सकाळी स्वतः तीनदा मोजले होते, पॅड पायाखाली घेऊन इतका वेळ सगळ्यांबरोबर पॅड शोधत फिरत होता.

सर शिवून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले की, आजच्या दिवसात सगळ्यांत चांगलं काम सिस्टरांनी केलं. पुढे म्हणाले, "सर्जनला थांबवणारा माणूस खोलीत नसेल, तर त्याने स्वतःला थांबवायला शिकावं." गोराई तेव्हा खाली बघून हातमोजे काढत होती.

*

साठेच्या बाबतीत एवढ्यावरच थांबलो तर तो नाराज होईल. त्याला सरांनी पहिल्यांदा एकट्याने करायला दिली ती एका बस कंडक्टरच्या पाठीवरची चरबीची गाठ. वीस मिनिटांचं काम. जागा बधिर केली, कंडक्टर पालथा झोपला, साठेने सुरुवात केली.

साठेचं काम देखणं. पण एकेक धागा तो असा वेगळा करायचा, जणू गाठीला परत लावून द्यायचंय. अर्धा तास झाला. तास झाला. शहाने बाहेर जाऊन नाश्ता केला, परत आला. दीड तासाने पालथ्या पडलेल्या कंडक्टरने मान न उचलता विचारलं, "डॉक्टर, ही बस डेपोत जातेय का?"

शहाचं बरोब्बर उलटं. त्याच्या घाटकोपरच्या दवाखान्यात मी एकदा मदतीला गेलो होतो. मानेवरची गाठ काढायची होती, पेशंट भलता घाबरट, हात लावायच्या आधी ओरडणारा. शहाने इंजेक्शन देता देता बोलायला सुरुवात केली. पाणी किती वाजता येतं इथून सुरू करून कच्छमधल्या आपल्या आजोबांच्या उंटापर्यंत पोचला. पेशंट आधी हुंकार देत होता, मग जांभया द्यायला लागला, आणि उंट आजारी पडायच्या सुमाराला तो चक्क घोरायला लागला. टाके घातले तरी उठला नाही. रविवारी मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "छान. घाटकोपरला भूल देणारा डॉक्टर लागणार नाही."

*

एक एक करून आम्ही तिघं पास झालो. मीसुद्धा. सरांची एक सवय आमच्या अंगात भिनली होती : सुरी उचलायच्या आधी पूर्ण एक मिनिट नुसता हात ठेवायचा. बोटं सपाट, डोळे मिटून, तोंड बंद. घड्याळ लावून. शहाला ते एक मिनिट दिवसातलं सगळ्यांत मोठं वाटायचं.

राहिली ती गोराई. आमच्यात हात सर्वांत चांगला तिचा, हे साठेसुद्धा कबूल करायचा. छोटी कामं तिला सर केव्हापासूनच एकटीला करू देत होते. पण हर्निया आला की सर समोर उभे राहायचेच. गोराईत तिकडे खोली तयार होत आली होती. गावकऱ्यांनी स्वतः भिंती उभ्या केल्या होत्या, चुना मारला होता. ऑपरेशनचं टेबल होड्या बांधणाऱ्या सुताराने केलं होतं, सागवानी, असं भक्कम की त्यावर पेशंटसकट समुद्रात जाता आलं असतं. गाव विचारत होतं, कधी?

एका रविवारी तिचा संयम सुटला. एवढी शांत बाई, पण त्या दिवशी तिने सरांना हात धुवायच्या बेसिनपाशीच गाठलं. माझं काय चुकतं ते सांगा, म्हणाली. सर म्हणाले, काही चुकत नाही. मग का नाही, असं तिने विचारलं.

"तुझा हात तयार आहे," सर म्हणाले. "पण तुला 'नाही' म्हणता येत नाही. समोर आलेलं प्रत्येक तू करणार."

"मी नाही म्हटलं तर तो माणूस कुठे जाईल, सर? तुमच्या दारात तीन रिक्षा उभ्या असतात. माझ्या दारात खाडी आहे."

"म्हणूनच," सर म्हणाले, आणि नळ बंद करून आत गेले.

त्या दिवशी मला सरांचा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. जी बाई सगळ्यांत लांबून येते तिलाच सगळ्यांत जास्त ताटकळत ठेवायचं, हा कुठला न्याय? परतीच्या वाटेवर मी तिला नुसते शेंगदाणे देत राहिलो.

*

शेवटी, हर्निया सोडून बाकी कामांसाठी खोली सुरू करायला सरांनी परवानगी दिली. गोराईने भरतीची वेळ बघून एक शनिवार ठरवला. मी आणि मोंडकर सिस्टर मदतीला गेलो.

जाऊन बघतो तर गावात सणच. फादर आले होते, खोलीवर पवित्र पाणी शिंपडून झालं होतं. लग्नात वाजवतात तो गावचा बँड पांढऱ्या कपड्यांत दाराशी उभा. पहिलं ऑपरेशन झालं की वाजवायचं, असं ठरलं होतं. पहिला पेशंट होण्याचा मान गावातल्या वजनदार माणसाला, बस्त्यावकाकांना. दोन बोटींचे मालक, पासष्टीचे. गुडघ्यामागे मोठं गळू. गोराईने आदल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बघितलं होतं. वरून शेकून शेकून कातडी लाल झालेली, हात लावू देत नव्हते. फोडायचं आणि पू काढायचा, दहा मिनिटांचं काम.

बस्त्यावकाका ऐटीत टेबलावर पालथे झोपले. गोराईने जागा स्वच्छ केली आणि सवयीने सपाट बोटं ठेवली. सिस्टरांनी घड्याळ बघितलं. मिनिट संपलं. तिने हात उचलला नाही. दुसरं मिनिटही संपलं. मग तिने माझा हात धरून तिथे ठेवला.

गळू ठोके देत होतं. नाडीबरोबर एकेक ठोका, माझ्या बोटांना वर ढकलणारा. ते गळू नव्हतंच. पायाची मुख्य रक्तवाहिनी फुगून तिचा फुगा झालेला होता. सुरी लागली असती तर बस्त्यावकाका त्या सागवानी टेबलावरच, दोन मिनिटांत, आमच्या डोळ्यांदेखत संपले असते. ते गोराईऐवजी भांडुपला आले असते तर मी कुठे थांबलो असतो, हा विचार मला आजही आवडत नाही.

गोराईने सुरी ट्रेमध्ये ठेवली, बाहेर गेली आणि सांगितलं की आज ऑपरेशन होणार नाही. काकांना ह्याच भरतीला बोरिवलीला आणि तिथून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. फादरनी घसा साफ केला. बँडवाल्यांना काय करावं ते कळेना. शेवटी बस्त्यावकाकांनीच स्ट्रेचरवरून हुकूम सोडला, आलेच आहात तर वाजवा. मग पुढे बँड, मागे स्ट्रेचर, अशी वरात धक्क्यापर्यंत गेली.

ती हसली नाही. मला म्हणाली, "काल ओसरीवर मलासुद्धा गळूच वाटलं होतं."

*

बस्त्यावकाकांचं ऑपरेशन शहरात झालं, पाय वाचला, काका वाचले. तिथल्या डॉक्टरांनी गोराईला पत्र लिहून शाबासकी दिली. पण पत्र इंग्रजीत, आणि गाव गावासारखं. गावाने एवढंच बघितलं की एवढी खोली बांधली, एवढा बँड आणला, आणि डॉक्टरीण सुरी खाली ठेवून बाहेर आली. घाबरली, म्हणाले. मोठं काम मोठ्या डॉक्टरांनीच केलं ना शेवटी, म्हणाले. वाईट कोणी बोललं नाही. ताप-खोकल्याला सगळे पूर्वीसारखे तिच्याकडेच यायचे. फक्त काही कापायचं, शिवायचं असलं की तिच्या दवाखान्यावरून मान खाली घालून बोटीकडे जायचे. नखाजवळ पू झालेली एक म्हातारी तर हात पदराखाली लपवून गेली.

पाच आठवडे ती खोली रोज झाडली जात होती आणि रोज रिकामी होती. मी गेलो होतो तेव्हा बघितलं, टेबलावर तिने चादर बदलून ताणून बसवली होती. मला फार वाईट वाटलं. ती रविवारी मुलुंडला यायचीही थांबली होती.

सरांना हे मी सांगितलं. ती सांगणार नव्हती, आणि माझ्याने राहवेना. सर नेहमीप्रमाणे बेसिनपाशी हात घासत होते. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "नाडी लागली म्हणून थांबली? का तू सांगितलंस म्हणून?"

मी म्हटलं, "सर, मी तर टिंक्चरची बाटली शोधत होतो."

सरांनी मान हलवली. हात पुसले. पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते विचारून ठेव म्हणाले.

त्या रविवारी वर्ग पहिल्यांदाच बंद राहिला. सर, मोंडकर सिस्टर आणि मी बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. सरांकडे रेक्झिनची एक छोटी बॅग. मला वाटलं, खोली तपासायला निघालेत, आणि तिची आणखी हजेरी घेतात की काय, या काळजीत मी सबंध खाडी ओलांडली. सर मात्र पाण्याकडे बघत निवांत होते.

मिस्सा नुकतीच सुटली होती. दवाखान्याच्या बाकड्यावर ताप-खोकल्याची आठ-दहा माणसं, आणि दाराबाहेर नेहमीची बसणारी मंडळी. शहरातून परतलेले बस्त्यावकाकाही काठी घेऊन त्यांत होते. सर आत गेले नाहीत. बाकड्याच्या टोकाला जागा करून बसले. मी चिठ्ठी पाठवू का विचारलं, तर मलाच गप्प केलं. शेजारच्या बाईने पोर मांडीवर घेऊन त्यांना आणखी थोडी जागा दिली.

एक-एक पेशंट आत जाऊन आला. पाऊण तासाने गोराई पुढच्या माणसाला बोलवायला दारात आली आणि सरांना बघून जागच्या जागी थांबली. ती घाईघाईने पुढे आली, सर तुम्ही इथे का बसलात, आत या, असं काहीतरी म्हणायला लागली. सर उठले. बॅगेतून घडी केलेली लुंगी आणि टॉवेल काढला. आणि थिएटरात आम्हाला ओरडायचे त्याच आवाजात, पार दाराबाहेरच्या मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाले,

"हर्निया आहे, डॉक्टर. पाच वर्षं झाली. आमच्या मुलुंडात धड सर्जन मिळत नाही."